परसातल्या कोंबड्या अशा का वागतात, आणि त्यांच्यापासून भाजी कशी वाचवायची

ताई, तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा माग लागेल. गोव्यात डिचोलीजवळच्या जुन्या घरात तुम्ही राहायला आलात. मागे परस आहे, सहा गावठी कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. तांबड्या भाजीचा (लाल माठाचा) वाफा त्यांनी उकरून टाकला, मिरचीपूड शिंपडूनही ऐकलं नाही. एक कोंबडी टोपलीत फुगून बसते आणि हात नेला की टोचते. दुसरी चक्क आरवायला लागली, म्हणून घरची मोठी माणसं तिला काढून टाका म्हणतात. पाऊस ओसरताना अंडी जवळजवळ बंद झाली. आणि कोंबड्यांची ताजी शीट घातलेली मिरचीची रोपं करपून गेली.

आधी त्या आरवणाऱ्या कोंबडीचं बघू, कारण तिचा जीव या उत्तरावर अवलंबून आहे.

कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड पक्की असते. दाण्यावर पहिली चोच कोणाची, रात्री वरच्या दांडीवर कोण बसणार, कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी मुकाट्यानं बाजूला व्हायचं, हे सगळं ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ मध्ये ही उतरंड शास्त्रीय भाषेत मांडली, पण कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही आजीला ती आधीपासून ठाऊक होती. कळपात कोंबडा नसला की सगळ्यात थोरली, दांडगी कोंबडी त्याची जागा घेते. ती पहारा करते, भांडणं सोडवते आणि कधीकधी आरवतेही. तिचं आरवणं अर्धवट, घशात अडकल्यासारखं असतं.

दुसरंही एक कारण असू शकतं. कोंबडीच्या अंगात फक्त डावं अंडाशय काम करतं. वय झालं किंवा तिथे काही बिघाड झाला की मादीची संप्रेरकं कमी पडतात. मग तुरा वाढतो, पायाला नखी फुटते, आरव सुरू होतो आणि अंडी थांबतात. यातलं कोणतं कारण खरं, ते घरच्या घरी ओळखता येतं. आरवते पण अंडीही घालते, तर तिला काहीही झालेलं नाही. अंडी बंद होऊन तुरा लालबुंद आणि मोठा झाला असेल तर वय किंवा आजार समजा. दोन्हीत अपशकुनाचा संबंध नाही, घरच्यांना हे नीट समजावून सांगा.

शिवाय ती कोंबडी फार उपयोगाची आहे. संध्याकाळी दाणे टाकून थोडं लांब उभं राहून बघा. बाकीच्या खाली मान घालून टिपत असतात आणि ही मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळ न्याहाळत असते. घार दिसली की बारीक, लांबट आवाज काढते. तो ऐकताच सगळ्या जास्वंदीखाली दडतात किंवा आहेत तिथेच जमिनीला चिकटतात. मुंगूस किंवा कुत्रा आला तर आवाज वेगळा, तुटक आणि मोठा येतो, आणि तेव्हा सगळ्या माना ताठ करून उभ्या राहतात. आभाळातला शत्रू आणि जमिनीवरचा शत्रू यांसाठी वेगळी हाक असते. म्हणून परसात दोन-चार दाट, बुटकी झुडपं राहू द्या. सगळं झाडून-पुसून मोकळं केलेलं परस कोंबड्यांना धोक्याचं.

आता टोपलीत फुगून बसणारी. ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. पोटाखालची पिसं तिनं स्वतः उपटलेली दिसतील, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागते. दिवसातून एकदाच उठते. तेव्हा तिला जरूर बघा: पिसं फुलवून, कुरकुरत, घाईघाईनं येते, दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच भली मोठी आणि घाण वासाची शीट टाकते, मातीत चार लोळण्या घेते आणि परत टोपलीत. ती शीट बघून माणसं पोट बिघडलं म्हणून औषध शोधत येतात. दिवसभर दाबून धरलेली असते, इतकंच.

तुमच्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे तिच्या पोटाखालच्या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत. ती तशीच आठवडेच्या आठवडे बसून खंगेल. दोन मार्ग आहेत. पिल्लं हवी असतील तर कोंबडा असलेल्या शेजाऱ्यांकडून ताजी, न धुतलेली दहा-बारा अंडी आणा आणि रात्री अंधारात तिच्याखाली सरकवा. सगळी एकाच दिवशी ठेवायची, म्हणजे एकदमच फुटतील. २१ दिवस लागतात. सातव्या रात्री अंधारात एकेक अंडं टॉर्चवर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नुसतं पिवळसर निर्मळ दिसलं तर ते काढून घ्या. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. पिल्लं फुटल्यावर लगेच खात नाहीत म्हणून घाबरायचं नाही, पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर ती दोन दिवस सहज निभावतात.

पिल्लं नको असतील तर तिची खुडूक मोडा, पण पाण्यात बुडवून नव्हे. ही जुनी पद्धत आपल्याकडे अजून चालते आणि ओल्या हवेत कोंबडी त्यानं आजारी पडते. तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा घ्या, चार चिऱ्यांवर उंच ठेवा, आत दाणापाणी द्या, गवत मात्र घालू नका. पोटाला खालून वारा लागत राहिला की तीन-चार दिवसांत अंगातली खुडूक उतरते. रोज अंडी वेळेवर उचलली तर खुडूक होण्याचं प्रमाणही कमी राहतं. सोडण्याआधी तिच्या पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का बघा. एका जागी बसून राहणाऱ्या कोंबडीवर त्या फार माजतात.

अंडी थांबली त्याचं कारण दिवसाच्या उजेडात आहे. कोंबडी चांगली अंडी घालायची तर १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. गोव्यात जूनमध्ये दिवस १३ तासांचा असतो आणि डिसेंबरात ११ तासांच्या थोडा वर. गणेशचवथीनंतर दिवस आखडलेला जाणवतो, त्याच सुमारास जुनी पिसं झडून नवी येतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे शरीर तेव्हा अंड्याकडे बघत नाही. या दिवसांत बांगड्या-तारल्यांची डोकी मीठ न घालता उकडून, कुस्करून द्या. खारवलेलं सुकं मात्र कधीही घालू नका, जास्त मीठ कोंबडीला मारू शकतं. मासळीचा अतिरेकही नको, अंड्याला वास येतो. दोन-तीन महिन्यांत पिसं भरली की अंडी परत सुरू होतील.

आणि थांबली म्हणण्याआधी परस शोधा. मोकाट कोंबडी खुराड्यात घालायचं सोडून झावळांच्या ढिगात, लाकडांच्या फटीत, अबोलीच्या वाफ्यात घालू लागते आणि एका ठिकाणी डझनभर अंडी सापडतात. सापडलेली अंडी पाण्यात सोडून बघा. तळाशी आडवं राहिलं ते ताजं, तरंगलं ते टाकायचं. पुढचे काही दिवस त्यांना सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवा आणि घालायच्या टोपलीत एक पांढरा गुळगुळीत गोटा ठेवा. अंडं दिसतं तिथेच अंडं घालावं असं कोंबडीला वाटतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण पुढे विचाराल: रोज एक अंडं का नाही? एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून आज आठला घातलं तर उद्या नऊला, परवा आणखी उशिरा, आणि दुपार कलली की एक दिवस खाडा. यातले २० तासांच्या आसपास नुसत्या कवचाला जातात, तेही बहुतेक रात्री. रक्तातला चुना तेव्हा खेचला जातो. म्हणून कवचासाठीचं खाणं संध्याकाळी द्यावं. आपल्याकडे ते फुकट मिळतं. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) केल्या की रिकाम्या शिंपल्या धुऊन उन्हात वाळवा, वरवंट्यानं तांदळाच्या दाण्याएवढ्या फोडा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका. जिला लागतो ती आपणहून जाऊन हवं तेवढं टिपते, आणि अंड्यावर नसलेली ढुंकूनही बघत नाही. हे संध्याकाळी उभं राहून पाहण्यासारखं असतं. अंड्याचीच टरफलं द्यायची असतील तर भाजून पूड करून द्या. ओळखू येतील अशी दिली तर काही कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडायला शिकतात.

आता परसाकडे येऊ.

उकरणं ही कोंबडीची खोड नाही, ती तिची जगण्याची रीत आहे. एक दिवसाचं पिल्लू गुळगुळीत लादीवरसुद्धा पाय मागे मारतं. ते थांबवता येत नाही. कुठे उकरायचं आणि कधी, एवढं मात्र आपल्या हातात असतं, आणि परस वाचतं ते त्यावर. तुम्ही वाफा खणला, शेणखत मिसळलं, माती भुसभुशीत केली, म्हणजे तिच्या भाषेत तुम्ही पान वाढलंत. त्यात तांबडी भाजी: बारीक बी, कोवळे कोंब आणि रंग लाल. कोंबडीला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनील किरणसुद्धा, आणि लाल रंगावर तिची चोच चटकन जाते.

मिरचीपुडीनं काही झालं नाही याचं कारण, मिरचीतला जो तिखट पदार्थ आपल्या जिभेला भाजतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही. रानमिरचीचं बी पसरतं ते पक्ष्यांच्या पोटातूनच. तेव्हा पूड शिंपडून तुमचेच डोळे चुरचुरतील, आणि पिकलेल्या मिरच्याही त्या खुशाल टिपतील. त्याही झाकूनच ठेवायला हव्यात.

तांबडी भाजी महिनाभरात उपटायला येते, म्हणून ती पेरल्यापासून उपटेपर्यंत झाकलेलीच ठेवा. बांबूच्या कामट्या वाकवून वाफ्यावर कमानी करा आणि वर मासेमारीचं जुनं जाळं टाका. किनाऱ्याकडच्या कोणाही ओळखीच्या माणसाकडे टाकाऊ जाळं मिळतं. जाळं ताठ ओढून कडेला चिऱ्यांखाली दाबा. सैल सोडलं तर कोंबडीचे पाय अडकतात आणि धामणीसुद्धा अडकून मरतात. धामण उंदीर खाते, ती परसात असलेली चांगली. कधीतरी एखादं अंडं किंवा पिल्लू नेईल, त्यासाठी खुराड्याची जाळी बारीक ठेवा. अंडी चोरणाऱ्या घोरपडीचंही तेच. तिला मारणं कायद्यानं गुन्हा आहे आणि बंद खुराड्यापुढे तिचं काही चालत नाही.

उभ्या झाडांना जाळं लागत नाही. वांगी, भेंडी, मिरची यांच्या बुंध्याभोवती नारळाची सोडणं पालथी, एकमेकांना चिकटून मांडा. ओल टिकते, तण येत नाही आणि कोंबडीला पाय मारायला मातीच मिळत नाही. केळीच्या बुंध्यात त्यांना खुशाल फिरू द्या. माडाच्या आळ्यातही, फक्त कडेला चिरे ठेवा म्हणजे माती बाहेर फेकली जाणार नाही. आलं आणि हळद यांची पानं त्या सहसा खात नाहीत, पण गड्डे उघडे पाडतात, तेव्हा तिथेही सोडणं हवीत.

वेळेचं म्हणाल तर दुपारी चारनंतर सोडा. तोवर अंडी घालून झालेली असतात, खुराड्यात दाणा खाऊन पोटही बरंचसं भरलेलं असतं आणि अंधाराआधी त्या आपणहून परततात. त्या दोन-अडीच तासांत किडेमुंग्या टिपतील, बारक्या गोगलगायी खातील, पण वाफे उधळण्याइतकी सवड मिळणार नाही. सकाळपासून मोकाट सोडलेल्या कोंबड्यांपुढे कुठलीही बाग टिकत नाही.

आणि त्यांना त्यांची जागा द्या. सगळ्यात चांगली जागा म्हणजे खताचा खड्डा. माडाचा कोंब पोखरणारा गेंडा भुंगा अंडी घालतो ते शेणखताच्या आणि कुजक्या पाल्याच्या ढिगात. त्याच्या जाड, पांढऱ्या अळ्या कोंबड्यांना इतक्या आवडतात की एकीनं चोचीत धरली की बाकी पाचजणी तिच्या मागे धावतात. खड्डा वरखाली होतो, अळ्या संपतात आणि तुमचे माड वाचतात. भाजी उपटून झालेला वाफाही आठवडाभर त्यांच्या ताब्यात द्या. तणाचं बी, किडींचे कोष, सगळं साफ करून देतात. मग त्यांना बाहेर काढून पेरणी करायची.

अबोलीच्या मुळाशी खड्डे पडतात ते मात्र खाण्यासाठी नसतात. तिथे त्या मातीत न्हातात. नवख्या माणसाला हे पहिल्यांदा दिसलं तर कोंबडीला झटका आला असंच वाटतं. ती कुशीवर पडते, एक पाय ताणते, पंखानं माती अंगावर ओढते, मान जमिनीला घासते, मग डोळे अर्धवट मिटून निपचित पडून राहते. मधेच उठून अंग झटकते आणि धुळीचा लोट उडतो. पिसांवरचं जुनं तेल आणि उवा यानं निघून जातात, आंघोळीइतकंच ते गरजेचं आहे. पावसाळ्यात सगळीकडे चिखल, म्हणून छपराखालची कोरडी जागा शोधत त्या तुमच्या कुंड्यांत शिरतात. पडवीच्या कडेला अर्धा कापलेला ड्रम किंवा जुना टायर ठेवा, त्यात कोरडी माती, थोडी वाळू आणि चुलीतली चाळलेली राख घाला. दोन-तीन दिवसांत अबोली सुटेल.

पावसाबद्दल आणखी थोडं, कारण गोव्यात कोंबड्या मरतात त्या बहुधा ओलीनं आणि मानमोडीनं. खुराड्यात भाताचं तूस चार बोटं जाड पसरा आणि ओलं झालेलं रोज उचला. आत वाकल्यावर डोळ्यांना झोंबलं तर कोंबड्यांच्या छातीलाही ते झोंबतंय. शीटेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना विचारा. मानमोडी म्हणजे राणीखेत, त्यावर उपाय नाही, फक्त लस आहे: पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचणी. तुमच्या सहाजणींची लस झाली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा आणि नक्की कळत नसेल तर डॉक्टरांकडून करून घ्या. नवी कोंबडी आणली तर पहिले दोन आठवडे वेगळी ठेवा. मग मधे जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या आणि रात्री झोपेत आत सोडा. उतरंड नव्यानं लागताना थोडी टोचाटोची होईल, रक्त आलं तरच मधे पडायचं. रक्त दिसलं की सगळ्या तिथेच टोचत राहतात.

ज्या परसात कोंबड्या फिरतात तिथे तणनाशक, उंदराचं औषध, औषध लावलेलं बियाणं, काही नको. कण्हेर छाटली तर फांद्या त्यांच्यापुढे टाकू नका. दाणा पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. उंदीर आले की त्यांच्या मागून साप येतात, आणि पावसात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती वेगळीच.

शेवटी करपलेली मिरची. कोंबडीची शीट वाळली तरी तिच्यात ३ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, शेणखताच्या कितीतरी पट. ताजी घातली की तिचा अमोनिया होतो आणि मुळं भाजतात. उरलेल्या रोपांच्या बुंध्यातली शीट खरवडून काढा आणि दोन-तीन दिवस भरपूर पाणी घाला. पाणी साचू मात्र देऊ नका. नवा कोंब फुटला तर रोप वाचलं समजा.

खुराड्यातलं तूस-शीट आजपासून वेगळ्या ढिगात टाका. एक घमेलं तूस-शीट, त्यावर तीन घमेली सुका पाला. आंब्या-फणसाचा, काजूचा, कोणताही चालेल, काजूचा जाड असतो म्हणून थोडा चुरडून घ्या. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवा, वरून झावळं घाला, पंधरवड्यानं वरखाली करा. अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला. आत हात घातल्यावर गरम लागेनासं झालं, मातीचा वास आला आणि शीट ओळखू येईनाशी झाली की खत तयार. आता सुरू केलंत तर साधारण नाताळापर्यंत होईल. आपली जांभ्याची माती आंबट असते आणि शिंपल्या खाणाऱ्या कोंबड्यांच्या खतात चुना बराच असतो, म्हणून ते आपल्या परसाला विशेष मानवतं.

मिरचीची नवी रोपं पाऊस पूर्ण थांबल्यावर, जुनं शेणखत घालून लावा. कोंबडीचं खत तयार झालं की बुंध्यापासून वीतभर लांब, रोपाला दोन मुठी, महिन्यातून एकदा, वर माती आणि त्यावर सोडणं. त्याहून जास्त घातलंत तर पानं हिरवीगार माजतील आणि मिरच्या मोजक्याच लागतील. खोल गावची मिरची लावायची असेल तर थांबा. काणकोणात ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतात, तिची वेळ जूनची. तुमच्या परसात ती वरच्या, निचऱ्याच्या कोपऱ्यात लावा.